सिनेमाच्या डब्यातले अनारसे

एकच सिनेमा मी सलग चार हिवाळे दाखवला. तीच तीन रिळं, तोच म्हातारा, तेच पोरगं, तोच बर्फ. पडद्यावरचं कुत्रं कुठं अंग झटकणार हे त्या कुत्र्याच्या आधी मला ठाऊक असायचं. एवढं होऊनही मी तो सिनेमा एकदाही धड बघितला नाही. सिनेमा दाखवणाऱ्याचा डोळा पडद्यावर नसतो, मशीनवर असतो. जोड कुठं सुटतो, फीत कुठं अडकते, बल्ब कधी जीव सोडतो, हेच बघत बसायचं. हलवायाला जिलबीचं काय कौतुक, तसंच ते.

साल-तारीख विचारू नका. पन्नास सालानंतरचे ते दिवस. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, आणि त्यात रस्ते कमी, नाले जास्त. मी नागपूरला एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीन शिकलो होतो. एका मिशनच्या गाडीवर सिनेमा दाखवायला माणूस पाहिजे आहे असं कळलं, म्हणून जाऊन उभा राहिलो. आमच्या घरी देव्हाऱ्यात मारुती, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पाळकसाहेब म्हणाले, "मशीनला धर्म नसतो, दामोदर. तुम्हाला तुटलेली फीत जोडता येते ना?" ती येत होती. नोकरी लागली.

हे पाळकसाहेब म्हणजे शांतवनसाहेब. मूळचे नगरकडचे, उंच, काटकुळे, बोलणं एकदम छापील. आमच्या भागात बदलून आले तेव्हा कोणी "काऊन गा", म्हणजे "का रे बाबा", म्हटलं की दचकायचे. गाडी तेच चालवायचे, आणि गाडी चालवताना भजनं म्हणायचे. नाला आला की भजन थांबायचं आणि नाला ओलांडला की त्याच शब्दापासून पुढं सुरू व्हायचं. मला त्यांचा फार लळा होता, आणि त्यांच्या गाडी चालवण्याची फार भीती होती.

आता धंदा काय होता ते सांगतो. जीपच्या मागं एका छकड्यावर जनरेटर. जीपमध्ये सोळा मिलिमीटरचं मशीन, भोंगा, माईक, पांढरी चादर आणि रिळांचे गोल चपटे डबे. दुपारी गावात पोचायचं, दोन बांबू रोवून चादर ताणायची आणि दिवेलागण झाली की खेळ सुरू. लोक चादरीच्या दोन्ही बाजूंनी बसायचे. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं, पण त्यांची कधी तक्रार नव्हती. एका गावी तर मागं बसलेल्यांनी समोरच्यांशी वाद घातला की कुत्रं डावीकडून आलं, उजवीकडून नाही. तो वाद आम्ही गाव सोडलं तरी मिटला नव्हता.

सिनेमा इंग्रजी. तेव्हा आवाज बंद करायचा आणि माईकवर गोष्ट सांगायची. हे काम आधी साहेबच करत. "तदनंतर त्या बालकाच्या अंतःकरणात पश्चात्तापाचा उदय झाला," असं ते सांगायचे. लोक फार आदरानं ऐकायचे, आणि शेवटी एखादा म्हातारा हळूच विचारायचा की ते पोरगं बिमार होतं काय. तिसऱ्या गावानंतर साहेबांनी माईक माझ्या हाती दिला. एका हातानं मशीन, दुसऱ्या हातात माईक आणि तोंडात आमची झाडीची बोली. सांगू नये, पण मी रंगायचो. ज्यांना पडद्यावर बोलायला नव्हतं त्यांनाही मी बोलतं केलं. कुत्र्याला तर मी चार वाक्यं दिली होती.

गोष्ट अशी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं विलायतेतलं खेडं. घोडागाड्या, लांब कोट, बायकांचे घेरदार झगे. गावच्या चर्चला एक मोठी रंगीत काचेची खिडकी, गावाचा जीव त्या खिडकीत. एक पोरगं कबुतराला धोंडा मारतं आणि तो लागतो खिडकीला. आळ येतो चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्यावर, की यानंच शिडी आपटली. पोरगं समोर उभं असतं, पण तोंड उघडत नाही. म्हाताऱ्याला बर्फात गाव सोडावं लागतं. इथं दुसरं रीळ संपतं. तिसऱ्या रिळात पोरगं मोठं होऊन, दाढी ठेवून, म्हाताऱ्याला शोधत जातं आणि पाया पडून कबूल करतं. म्हातारा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "मला माहीत होतं, बाळा. पहिल्यापासून माहीत होतं." मग दोघं टेबलावर बसून सूप पितात. समाप्त.

आता एवढ्या साध्या गोष्टीत अडचणी किती असाव्यात? पहिली अडचण बर्फाची. मी म्हणायचो, तिकडं आभाळातून पिंजलेला कापूस पडते, थंडा कापूस. कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावात एका गोंड आजोबांना बर्फाचं काही वाटलं नाही, त्यांना झाडांची काळजी. पानं एक नाही, फुलं एक नाही. त्यांनी विचारलं की या लोकांनी झाडांना असं काय केलं. मी म्हटलं हिवाळा आहे. ते म्हणाले, हिवाळा तर आपल्याकडंही आहे. 

दुसरी अडचण दाढीवाल्याची. लोक म्हणायचे, हे ते पोरगं नाहीच, हा दुसराच माणूस आहे. आणि खरंच तो दुसराच नट होता. मी सांगायचो, नीट पाहा, तसंच बाहीनं नाक पुसते का नाही. सगळं गाव बाहीकडं बघायचं आणि दाढीवाल्यानं नेमकं एकदा नाक पुसलेलं होतं. त्या नटाचे माझ्यावर उपकार आहेत. एक म्हातारी मात्र चादरीकडं पाठ करून पूर्ण वेळ मशीनच्या उजेडाकडं हात जोडून बसली होती. उजेड जिथून येते तिकडंच पाहावं माणसानं, असं तिचं म्हणणं. साहेबांनी ते वाक्य पुढं तीन रविवार वापरलं.

पण खरी अडचण शेवटाची. आमच्याकडं गावाची रीत अशी, की कोणाच्या हातून चूक झाली तर पंचांसमोर कबूल करायची आणि मग सगळ्यांना भात द्यायचा. ज्याचं नुकसान झालं त्यानं तुमच्या हातचा घास घेतला की संपलं, पुन्हा कोणी ती गोष्ट काढायची नाही. नुसतं पाया पडून भागत नाही. त्यामुळं सिनेमा संपला की लोक विचारायचे, ते सगळं बराबर आहे, पण भात कोणी देल्ला? मग मी त्या सुपाच्या दोन वाट्यांना भात करून टाकलं. माईकवर सांगायचो, आता पाहा, त्यानं म्हाताऱ्याले आपल्या हातानं भात वाढला, म्हाताऱ्यानं घास घेतला, झालं मोकळं. लोक समाधानानं उठायचे. मला वाटलं साहेब रागावतील. साहेबांनी गाडी थांबवून वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "आमच्यातही शेवटी जेवणच आहे, दामोदर, प्रभुभोजन." आणि खूश होऊन गाडी सरळ नाल्यात घातली.

हे सगळं मी हसतहसत सांगतो आहे खरा. पण तो सिनेमा दाखवताना मी माझी एक गोष्ट लपवत होतो आणि ती कोणालाच माहीत नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

माझं गाव चिमूरकडचं. मी नऊ वर्षांचा असताना गावात दंडार व्हायची. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं नाचगाण्याचं नाटक, धान घरात आलं की गावोगाव होतं. आमच्या मंडळीनं नागपूरहून रंगवलेला पडदा आणला होता, त्यावर महाल, कारंजं, दोन मोर. शेजारच्या गावांना असा पडदा नव्हता, त्यामुळं आमची चाल बदलली होती. गॅसबत्ती सांभाळायचं काम सोमाभाऊकडं. सोमाभाऊ आमच्या घरासमोर राहायचा, डाव्या कानाची पाळी फाटलेला. बत्तीत हवा भरताना तो अशा ऐटीत बसायचा की राजाचं काम करणारासुद्धा त्याच्यासमोर फिका पडायचा. मला तो बत्तीजवळ बसू द्यायचा, आणखी कोणाच्याच पोराला नाही.

एका रात्री द्रौपदीचं काम करणारा आमचा कोतवाल पडद्याआड बिडी ओढतो म्हणे, अशी बातमी पोरांत पसरली होती. द्रौपदी बिडी ओढताना बघायची म्हणून मी आत शिरलो. बत्ती खुंटीला टांगलेली होती. नीट दिसावं म्हणून मी खुंटीला धरून पायाच्या चवड्यांवर उभा राहिलो. बत्ती सुटली, मोरांवर पडली आणि पडदा भडकला. कोणाला इजा झाली नाही. द्रौपदी बिडी टाकून सगळ्यात आधी पळाली. पण महाल, कारंजं, मोर, सगळं घटकाभरात राख.

सकाळी पंच बसले. सोमाभाऊ म्हणाला की बत्ती मीच टांगली होती. मला विचारलं, तू तिथी होता ना, बत्ती ढिली होती काय? आणि मी मान हलवली. एक शब्द बोललो नाही, फक्त हो म्हणून मान हलवली. सोमाभाऊनं पुन्हा बत्तीला हात लावायचा नाही असं ठरलं. पुढच्या हंगामात तो गाव सोडून बल्लारपूरकडं कामाला निघून गेला. जाताना माझ्या हातावर मूठभर मुरमुरे ठेवले. ते मी खाल्ले, याची मला अजून लाज वाटते.

म्हणून त्या सिनेमातलं मला एकच वाक्य प्रिय होतं. "मला माहीत होतं, बाळा." ते माईकवर सांगताना मी मनात म्हणायचो, सोमाभाऊलाही माहीत असेलच. हुशार माणूस, बत्ती आपण कशी टांगली हे त्याला कळलं नसेल काय. माहीत असून त्यानं मला वाचवलं. चार हिवाळे मी त्या एका वाक्यावर काढले.

आता डब्यांचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा डब्यांचा आहे. जुनी फीत बाद झाली की तिचा रिकामा डबा उरायचा. गोल, चपटा, घट्ट झाकणाचा, मुंगीसुद्धा आत जायची नाही. तेव्हा खेड्यात असा डबा म्हणजे दागिना. ज्या घरी आम्हाला जेवू घालायचे तिथल्या बाईंना मी एक डबा भेट द्यायचो आणि त्याबद्दल फार भाव खायचो. अर्ध्या जिल्ह्याच्या चुलीजवळ माझे डबे होते. कोणी त्यात जिरं ठेवलं, कोणी बांगड्या, एका गुरुजींनी शाळेचे दाखले.

चौथ्या हिवाळ्यात कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावी आमचा मुक्काम दुसऱ्या एका गुरुजींच्या घरी होता. तिथून पुढच्या गावाला निघालो. हे पुढचं गाव धानाचं, मोठ्या तळ्याकाठचं. बांबू रोवायला चारपाच माणसं आली. त्यात एक पिकल्या केसांचा माणूस होता, कामाला वाघ. अंधारून आलं म्हणून मी आमची गॅसबत्ती त्याच्यापुढं केली, म्हटलं, भाऊ, जरा धरा. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. तेवढ्यात त्याची बायको पुढं आली आणि बत्ती आपल्या हातात घेऊन म्हणाली, "यायले देऊ नका. हे बत्तीले हात लावत नाईत. घरचा दिवाबी मीच लावतो." नाव विचारायची गरजच नव्हती. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. सोमाभाऊच होता.

त्यानं मला ओळखलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला आता मिशा होत्या. कळलं ते असं, की बल्लारपूरला काही वर्षं काढून तो बायकोच्या माहेरी येऊन शेती करत होता.

मी मशीनमागं जाऊन बसलो. मग डोक्यात एक नामी युक्ती आली, नामी म्हणजे भित्र्या माणसाला सुचते तशी. म्हटलं, आज सिनेमा असा सांगायचा की बास. सोमाभाऊ समोर बसेल. शेवटी म्हातारा म्हणेल, मले माहीत होतं. सोमाभाऊ ते ऐकेल, मान डोलवेल, आणि मी ती डोललेली मान बघून घेईन. माझ्या तोंडून एक शब्द न निघता हिशेब पुरा. मी देवाचे आभार मानले, मारुतीचे आणि साहेबांच्या देवाचे, दोघांचे.

खेळ सुरू झाला. पहिलं रीळ झकास. दुसऱ्यात मी असा काही रंगलो की म्हातारा बर्फात चालू लागला तेव्हा बायका पदर डोळ्याला लावत होत्या. सोमाभाऊ पुढच्या रांगेत मांडी घालून बसला होता. दुसरं रीळ संपलं. मी तिसऱ्याचा डबा घेतला, झाकण काढलं, आणि आत अनारसे.

खसखस लावलेले, तांबूस, एकावर एक नीट रचलेले अनारसे. मी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. अनारसेच होते. गुरुजींच्या बाईंना मी आदल्या वर्षी दिलेला डबा आमच्या डब्यांत आला होता आणि आमचं तिसरं रीळ त्यांच्या फळीवर राहिलं होतं. मी साहेबांना डबा दाखवला. साहेबांनी आत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "हे तदनंतर काय झालं?"

गावाला सांगितलं की शेवटचं रीळ मागं राहिलं. कोणी चिडलं नाही. पाटील म्हणाले, मंग तोंडानं सांगा, तुमाले तर पाठ असंल. मशीनचा बल्ब मी चालूच ठेवला, कारण चादर अंधारली की लोक उठतात. पांढरी लखलखीत चादर, दोन्ही बाजूंनी लोक, आणि माझ्या हातात माईक.

मी सुरुवात केली. ते पोरगं मोठं झालं, दाढी आली, म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभं राह्यलं. आता म्हाताऱ्याचं वाक्य यायचं, आणि समोर सोमाभाऊ मान वर करून माझ्याकडं बघतो आहे. पडदा हलत असता तर मी ते वाक्य फेकून मोकळा झालो असतो. पण पडद्यावर कोणीच नव्हतं. त्या म्हाताऱ्याचं बोलणं आपण आपल्या तोंडानं कसं बोलावं, हे मला कळेना. तो म्हातारा तर समोर बसला होता.

मागून कोणी विचारलं, "माफ केलं का नाई?"

मी म्हटलं, "पडदा जळला होता, त्याचं..." आणि थांबलो. चादरीपलीकडून आवाज आला की पडदा कुठचा, काच होती ना.

मग मी सांगितलं. भोंग्यातून, सगळ्या गावाला, तळ्यापलीकडं ऐकू जाईल असं. "काच त्या पोरानं फोडली. पडदा म्या जाळला. सोमाभाऊ, मी दामू. तुमच्या घरासमोरचा. द्रौपदीची बिडी पाहाले मी खुंटीले लटकलो होतो. तुमची बत्ती ढिली नव्हती. मी पंचासमोर खोटी मान हालवली."

 सोमाभाऊ उठला. तो उजेडात आला तशी त्याची सावली चादरीवर पडली, बांबूएवढी मोठी. मी वाट बघत होतो की आता तो म्हणेल, मले माहीत होतं.

तो म्हणाला, "मले नव्हतं माहीत."

आणि पुढं म्हणाला, "वीस वर्षं मी त्या खुंटीचाच इचार करून राह्यलो. कशी टांगली, कुठी चुकली. म्हंजे माह्या हातून नाई?"

मी म्हटलं नाही.

"नाई?"

"नाही, सोमाभाऊ."

मला इतकी वर्षं वाटत होतं की पाप एकट्या माझ्याजवळ आहे. मी मान हलवून ते त्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं, आणि तो ते आपलं समजून सांभाळत बसला होता. एवढ्यासाठी तो स्वतःच्या घरचा दिवा लावत नव्हता. हे माझ्या डोक्यात तोपर्यंत एकदाही आलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि भोंगा चालू असल्यामुळं तेही तळ्यापलीकडं गेलं.

सोमाभाऊ मात्र हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. "माह्या हातून नाई," असं पुढच्या रांगेला सांगितलं, मग चादरीमागं जाऊन तिकडच्यांना सांगितलं, मग पाटलांना सांगितलं. पाटलांनी भोंग्यातून ऐकलेलं होतं, तरी पुन्हा ऐकून घेतलं. सगळं गाव हसत होतं. साहेबही हसत होते आणि चश्मा पुसत होते. हसली नाही ती एकटी सोमाभाऊची बायको. ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"वीस वर्षं," ती म्हणाली. "लेकरं झाली तवाबी दिवा म्याच लावला, बिमार होतो तवाबी म्याच लावला. तुमचं तोंड शिवलं होतं काय?"

मी खाली मान घालून उभा राहिलो. यावेळी मान खरी खाली गेली. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी सोमाभाऊकडं वळून कसंबसं म्हटलं की मला माफ करा.

"माफी मंग पाहू," सोमाभाऊ म्हणाला. "पहिले ते बत्ती आण."

मी आमची गॅसबत्ती आणली. तो मांडी घालून बसला, थेट त्या जुन्या ऐटीत.  त्यानं हवा भरली, कान लावून ऐकलं, पुन्हा भरली. काडी दोनदा विझली. बायको काडेपेटी घ्यायला वाकली तशी त्यानं तिचा हात मायेनं बाजूला सारला. तिसऱ्या काडीला बत्तीनं धप्पकन जाळ धरला आणि मग तो पांढरा उजेड पडला. सोमाभाऊनं ती बत्ती पाटलांच्या बैलगाडीच्या दांडीला टांगली, दोन बोटांनी हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली, आणि लोकांकडं वळून म्हणाला, "पाहा. ढिली हाये काय?" सगळं गाव म्हणालं, नाई.

आता रीत आठवली पाटलांना. त्यांनी विचारलं, भात कोणी देऊन राह्यलं? माझ्याजवळ त्या घडीला भात कुठला? साहेब पुढं झाले आणि डबा माझ्या हातात दिला. मी झाकण काढून अनारसे सोमाभाऊपुढं धरले. त्यानं एक उचलला, वास घेतला, अर्धा तोडून खाल्ला. चावत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. गिळल्यावर म्हणाला की गूळ जरा कमी आहे. मग उरलेला अर्धा त्यानं बायकोपुढं धरला. तिनं तो लगेच घेतला नाही. माझ्याकडं बघितलं, बत्तीकडं बघितलं, आणि मग घेतला. बाकीच्यांना मोहरीएवढा मोहरीएवढा तुकडा आला, पण आला सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी रीळ आणायला गेलो. बाईंनी ते उघडून बघितलं होतं आणि त्या हैराण झाल्या होत्या की अनारशांची अशी काळी पट्टी कशी झाली. अनारसे कुठं गेले ते मी सांगितलं. गूळ कमी होता हे नाही सांगितलं.

त्या दिवसापासून मी सिनेमा बदलला. तिसऱ्या रिळात म्हातारा पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, ओठ हलवतो, आणि मी माईकवर सांगतो: "मले नव्हतं माहीत, पोरा. सांगतलं ते बरं केलं." सिनेमा बनवणाऱ्यांनी ते वाक्य चुकवलं होतं, असं माझं आजही मत आहे. साहेबांना इंग्रजी येत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते माझ्याकडं वळले आणि वही काढून ते लिहून घेतलं.

पुढं त्याच हिवाळ्यात विलायतेहून एक मडम तपासणीला आल्या. गोष्ट लोकांना बरोबर सांगितली जाते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांना मराठी येत नव्हती. शेवटचं वाक्य झालं, लोक डोळे पुसत उठले, आणि मडमनी साहेबांना विचारलं की हा माणूस काय म्हणाला. शांतवनसाहेब छापील चेहऱ्यानं म्हणाले की सिनेमात आहे तेच, शब्दाला शब्द.

मडमना सोडून आम्ही परत निघालो. साहेब बराच वेळ भजन न म्हणता गाडी चालवत होते. मग म्हणाले, "दामोदर, आज मी खोटं बोललो. तुमच्या रीतीप्रमाणं आता मला भात द्यावा लागेल."

मी म्हटलं, "कबूल केलं ना साहेब, मग चला. ज्याच्या वाक्यासाठी खोटं बोललात त्याच्याच घरी देऊ."

साहेबांनी गाडी तळ्याच्या गावाकडं वळवली आणि भजन सुरू केलं. दिवेलागणीला पोचलो. सोमाभाऊची बायको ओसरीवर धान पाखडत आरामात बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही, नुसतं आत बघून म्हणाली, "पाहुणे आले जी. दिवा घेऊन या."